सहा वर्षं, गोवा

मसालेभाताचं पातेलं कमरेवर तोलून वाढणारी बाई माझ्या पानासमोर थांबली आणि म्हणाली, "बेळगावच्या वकिलीणबाई तुमीच न्हवं? माझी ल्येक बी बेळगावात असती. टिळकवाडीत. इंग्लिश नाच शिकवती पोरींस्नी, टाचा उचलून." निपाणीत आक्काच्या धाकट्या दिराचा साखरपुडा होता, नोव्हेंबर असूनही कार्यालयात उकडत होतं, आणि मी घास तोंडात असतानाच विचारून बसले, "नाव काय तिचं?" "रचना. मी मनुबाई. खानापूरकडचं आमी. ह्या केटरिंगवाल्यासंगट फिरतो, लगीन असंल तिकडं." मग कुणी न विचारता, डाव पातेल्यातच ठेवून, ती सांगत सुटली. रचना बारावीत नापास झाली, गोव्याला गेली, तिथं समुद्राच्या कडंला एक रशियन बाई घर घेऊन राहायची, तिच्या घरात सहा वर्षं होती. केर-फरशी, भांडी, त्या बाईच्या पोरीचं न्हाणं-धुणं. ती बाई घरातच नाच शिकवायची. "आमच्या पोरीला कुनी शिकीवलं न्हाई बगा. निस्तं बघून बघून शिकली." "व्हय?" मी म्हणाले. बारा वर्षांत सासरी मी कधी 'व्हय' म्हटलेलं नाही, तिथं मी 'हो का' म्हणते. मनुबाईनं खूश होऊन मला पुन्हा भात वाढला. माझी मुलगी अदिती दीड वर्ष तिच्या मुलीच्या हाताखाली बॅले शिकते आहे, हे मी तिला सांगितलं नाही. का नाही, ते कळेना; पण न सांगितल्यामुळे माझ्याकडे काहीतरी आलंय, आणि ते मी पदराखाली धरून बाहेर नेते आहे, असं वाटत राहिलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून तंबाखूच्या वखारींचा वास येत होता. लहानपणी हा वास मला कधी आलाच नाही. लग्न होऊन बेळगावला गेले आणि पहिल्या दिवाळीला माहेरी उतरले तेव्हा पहिल्यांदा आला. कंडक्टरनं आधार कार्ड बघून बायकांचं फुकटचं तिकीट फाडून दिलं, ते मी बोटाला गुंडाळत बसले आणि डोळ्यांपुढे तो कागद आणला. दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या वर, क्लासच्या दाराशी तो प्लॅस्टिकमध्ये घालून लावलेला आहे. वर क्लास चालवणाऱ्या केयूर सरांचा फोटो: बंगळुरूचा डिप्लोमा, कुठकुठली शिबिरं, खाली तीन ओळी भरून. त्याखाली रचना मॅडमचा फोटो आणि एकच ओळ. 'रशियन शिक्षिकेसोबत सहा वर्षं, गोवा.' प्रवेशाच्या दिवशी मी ती ओळ दोनदा वाचली होती. 'सोबत' हा शब्द तेव्हाही मला जरा खटकला होता, पण काय खटकलं ते सापडलं नव्हतं. आता बसमध्ये मी एकेक शब्द तपासला. रशियन होती. शिक्षिका होती. सहा वर्षं होती. गोवा होतं. सोबतही होती. खोटं म्हणावं असं काहीही नव्हतं, आणि हेच मला सहन होईना. खोटं सापडलं असतं तर मी शांत झाले असते.

माझा वकील नवरा, चिन्मय, म्हणतो, तू पोलिसात जायला हवं होतंस. दूध आलं की मी पिशवीवरची तारीख बघते, रिक्षात बसले की नंबर पाठ करते, अदितीच्या शाळेत नवीन शिपाई दिसला की त्याचं गाव विचारते. पण मी जन्मतः अशी नव्हते. मी बी.एड. केलं आहे. म्हणजे वर्षभर केलं: पाठ घेतले, तक्ते रंगवले, सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवताना मागच्या बाकावरचा एक जण रडला होता इतका छान शिकवला. आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस कळलं की कॉलेजला मान्यताच नाही. भिंतीवर मान्यतेचं पत्र फ्रेम करून लावलेलं होतं, मी रोज त्याच्याखालून जात होते. ते दोन वर्षांपूर्वीच संपलेलं होतं. तारीख खाली बारीक अक्षरात होती. बाबा म्हणाले, "शिकलीस ते काय कुणी काढून घेणार आहे का?" पण ते मला देताही आलं नाही कुणाला. नंतर लग्न झालं. माझे सासरे अण्णा ओळख करून देताना "आमची सून बी.ए." एवढंच म्हणतात, चांगल्या मनानं म्हणतात, आणि प्रत्येक वेळी मला ती बारीक अक्षरातली तारीख दिसते. तेव्हापासून मी फ्रेमा वाचते. केयूर सरांच्या सगळ्या फ्रेमा मी वाचल्या आहेत, शिक्क्यांसकट. रचना मॅडमची एकही फ्रेम नव्हती, म्हणून मी तिला वाचत होते. काचेच्या दाराला आतून निळा कागद लावलेला आहे. त्याचा एक कोपरा उचकटलाय, आणि बाहेरच्या बाकावरच्या अमुक एका जागी बसलं की त्यातून रुंद अशी एक फट दिसते. ती जागा माझी. दीड वर्ष मी त्या फटीतून बघते आहे: पाय, भिंतीला लावलेला नळाचा पाइप, त्यावर मुलींच्या मुठी, आणि मुलींच्या पायांशी गुडघ्यावर बसलेली रचना. ती सारखी खाली बसलेली असते. केयूर सर उभे राहून टाळ्या वाजवून शिकवतात, आणि ही जमिनीवरून सरकत एकेकीचा घोटा धरून बघते. मला ते कधी आवडलं नाही. मास्तरणीनं असं जमिनीवर का सरकावं? त्या रविवारी बसमध्ये मला वाटलं, सवय. फरशी पुसायची सवय.

आणि मग, संकेश्वरच्या पुढे कुठेतरी, दुसरी गोष्ट आठवली आणि माझे कान तापले. रचना क्लासमध्ये इंग्रजीच बोलते. विचित्र इंग्रजी, शब्द तोडून, जड; त्यात मधेच ते नाचाचे परके शब्द. आम्ही आयांनी बाकावर बसून तिचं गाव ठरवायचा खेळ केला होता. कुणी मंगळूर म्हटलं, कुणी कोडगू. एकीनं सरळ विचारलं तर ती म्हणाली होती, "गोवा." म्हणजे कोकणी असणार, ख्रिश्चन असेल कदाचित, केसही कापलेले. आमच्याकडे समोरचा माणूस कुठला हे ठरलं, की त्याच्यासमोर कुठली भाषा बोलली तर चालते तेही ठरतं. सासूबाई कामवालीबद्दल बोलायचं झालं की मराठीत बोलतात आणि भाजीवाल्याबद्दल बोलायचं झालं की कानडीत. मी त्या बाकावर बसून आक्काला फोन करायची ते अस्सल निपाणीच्या बोलीत. घरात बोलता येत नाही ना, तिथं मोकळं वाटायचं. रचना दारातून आत-बाहेर करायची, पाण्याची बाटली भरायची, आणि मी तिच्याकडे बघत हसून मान हलवायची आणि फोनवर आक्काला सांगायची, "ही काय शिकवणार गं? अंगावर मांस न्हाई, केसं बघ कापल्यात. नुसती केरसुणी हाय उभी केल्याली." आक्का खिदळायची. एकदा नाही, तीन-चारदा म्हटलं असेन. केरसुणी आली बघ. केरसुणी गेली बघ. आणि ती खानापूरची. प्रत्येक शब्द तिला कळत होता, आणि ती बाटलीचं झाकण लावून, माझ्याकडे मान हलवून आत जात होती.

मंगळवारी क्लासच्या दाराशी दुसरा कागद लागला होता. डिसेंबरच्या कार्यक्रमात चार मुली अंगठ्यांच्या टोकावर उभ्या राहणार. पुढून कडक असलेले गुलाबी सॅटिनचे बूट, त्यांच्या लांब फिती, अदिती महिनाभर त्याच्याखेरीज दुसरं बोलत नव्हती. चौथं नाव अदितीचं होतं आणि त्यावर निळ्या पेनानं आडवी रेघ. अदिती आधी हसली, मग तिनं माझा हात धरला, मग माझ्या हातालाच नखं लावली. ती दहा वर्षांची आहे, रडताना आवाज करत नाही, हे तिनं माझ्याकडून घेतलंय. मी रचनाला गाठलं. "व्हाय?" मी विचारलं. इंग्रजीतच विचारलं, कारण दुसऱ्या कुठल्याही भाषेत विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. "नॉट येट," ती म्हणाली. "वन इयर." बाकीच्या तिघी बारा-तेरा वर्षांच्या, हे मला दिसत होतं. पण मला दुसरंही दिसत होतं: दीड वर्ष गप्प राहिलेली बाई, तिच्या हातात निळं पेन, आणि पेनाखाली माझ्या मुलीचं नाव. सूड घ्यायला याहून सोपं काय असतं? मी असते तर घेतला नसता असं मला म्हणवेना. आणि शिवाय, जी स्वतः कधी त्या टोकावर उभी राहिली नाही, जी मोलकरीण होती, ती कुणाला केव्हा चढवायचं हे ठरवणार? हा विचार मनात आला तेव्हा त्याची चव मला चांगली लागली, हे मी कबूल करते.

त्याच संध्याकाळी मी बाकावरच्या दोघी आयांना सांगितलं आणि त्या तोंडाला हात लावून बसल्या असतानाच केयूर सरांच्या खोलीत गेले. तिथं मी 'मोलकरीण' म्हटलं नाही. 'घरकाम' म्हटलं. 'पालक म्हणून आम्हाला कळायला नको का' असं म्हटलं, 'विश्वासाचा प्रश्न आहे' असं म्हटलं; चिन्मयच्या ऑफिसात पक्षकार बोलतात तसं. मला वाटलं होतं ते चकित होतील. ते झाले नाहीत. "कागदावर आम्ही खोटं काहीच लिहिलेलं नाही, मॅडम," एवढं म्हणून त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला. मग म्हणाले, "पण तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मीसुद्धा विचार करतच होतो. पालकांकडून आलं हे बरं झालं." आणि लगेच, "अदितीचं नाव मी घालतो. मला चौघी लागतातच. तिघींची रांग स्टेजवर चांगली दिसत नाही." मी जिना उतरले. जिंकल्यावर पाय हलके व्हायला हवेत. पण खालच्या पायरीवर आल्यावर मला वाटलं, ते इतक्या लवकर 'हो' का म्हणाले? मी काही विकायला नेलं होतं आणि घासाघीस न करता त्यांनी ते घेतलं. म्हणजे त्याची गरज त्यांना माझ्या आधीपासून होती. नावावरची रेघ त्यांनाही नको होती, आणि रेघ मारणारीला काढायला त्यांना कारण नव्हतं. ते मी नेऊन दिलं.

गुरुवारी अदितीला सोडायला गेले तर प्लॅस्टिकमधला कागद नवा होता. केयूर सरांचा फोटो मोठा झाला होता. अदिती आत पळाली. मी वळले तर रचना जिन्यातच उभी, खांद्यावर कापडी पिशवी, हातात चपला. क्लासमधून ती अनवाणीच बाहेर आली असावी. मी कडेला झाले. ती गेली नाही.

"ताई," ती म्हणाली. मराठीत. तो आवाज वेगळाच होता, तिच्या इंग्रजीपेक्षा खालच्या पट्टीतला, घरातला. "आईचा फोन आलता परवा. निपाणीत लई चांगली बाई भेटली म्हणाली. बेळगावची वकिलीण. जेवण टाकून ऐकत बसली म्हणाली, व्हय व्हय करत."

मी पर्सची उघडी चेन ओढून लावली.

"तिला मी काय सांगितलं न्हाई. खूश हाय ती. असू दे."

"माझ्या मुलीचं नाव का काढलंत?" मी विचारलं. मला वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं.

"तुमी केरसुणी म्हणालता म्हणून न्हाई," ती म्हणाली, आणि चक्क हसली. "राग आलता. न्हाई कसं म्हणू? घरी जाऊन आरशात बघितलं, खरंच दिसते का म्हणून. पर पाय पोरीचं हाईत. तुमचं न्हाईत."

खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्यानं आकडे वाचत होतं. रचनानं चपला खाली ठेवल्या, पण त्यात पाय घातले नाहीत. "त्या बाईची पोरगी हुती धा वर्षांची. आईलाच घाई. चढीवली बुटावर. मी रोज सांजचं तिचं पाय मिठाच्या पाण्यात धरून बसायची. अंगठ्याचं नख माझ्या हातात आलं दोन बारी. हाड कच्चं असतंय ह्या वयात. वर गेलं की घोटा कुठल्या अंगाला पळतोय, ते हाताला कळतंय. तुमच्या अदितीचा भाईर पळतोय. अजून वर्षभर पळणार, मग थांबंल. नाच मी बघून शिकले, खरं हाय ते. पाय मात्र धुऊन शिकले."

"आणि त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"नाच सुटला. चालती नीट. पर जिना उतरताना कठडा धरती."

"नाव काय तिचं?"

हे मी का विचारलं? तोंडातून गेलं, नंबर पाठ करायला विचारतात तसं. रचनानं पाय चपलांत सरकवले आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा मिटला. "तपासणार व्हय?" ती म्हणाली. "तपासा. वकिलाच्या घरच्या तुमी." आणि कठड्याला हात न लावता भराभर उतरून गेली.

दोन दिवस मी ते बोलणं उलटसुलट केलं. नाव सांगितलं नाही, म्हणजे मुलगी नसेलच. पण रचून सांगणाऱ्यानं आधी नावच रचलं असतं. किंवा हुशार असेल तर नसतं रचलं. नोकरी गेलेली बाई जाता जाता दुसऱ्याच्या घरात काहीतरी टाकून जाते, जन्मभर कुजेल असं, तसंही असेल. डॉक्टरांना विचारावं म्हटलं, तर ज्यांना विचारलं ते म्हणाले, "बॅले? बेळगावात?" आणि कॅल्शियम लिहून दिलं. अदिती बेसिनच्या आरशात दिसावं म्हणून दात घासताना टाचा उचलते. मी मागे उभी राहून बघितलं. डावा घोटा बाहेर कलत होता. जरासाच. मग वाटलं, सांगितलं म्हणून कलतोय. तिला म्हटलं, "पुन्हा उचल." ती म्हणाली, "आई, का?" मी म्हटलं, "उचल गं." पुन्हा कलला, किंवा मीच कलून बघत होते. ज्या घोट्याला मी तेल लावून चोळलं, ज्यात काळा दोरा बांधला, तो मला वाचता येत नव्हता. तिथं तारीख नव्हती, शिक्का नव्हता. आणि रोज रात्रीच्या जेवणाला अदितीचा एकच प्रश्न, रचना मॅडम येत का नाहीत. आणि माझं एकच उत्तर, असेल काही काम.

शनिवारी बूट आले. पालकांना आत बोलावलं होतं. दीड वर्षात पहिल्यांदा मी निळ्या कागदाच्या आतल्या बाजूला उभी राहिले आणि खोली फटीतून दिसायची त्यापेक्षा लहान निघाली. चार मुली भिंतीशी बसल्या होत्या, पाय पुढे करून. केयूर सर गुडघ्यावर बसून फिती बांधत होते, छान बांधत होते, सफाईनं, गाठ आत खोचून. अदितीपाशी आले. "फिट आहे?" त्यांनी विचारलं. "हो," ती श्वासातच म्हणाली. त्यांनी फीत गुंडाळली, गाठ मारली, उठले. घोट्याला हात लावला नाही. टाच हातात घेऊन बघितली नाही. चौघींतल्या कुणाचीच नाही. मी वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं: कुणीतरी खाली बसून तिची टाच हातात घेईल याची. आता घेतील, आता घेतील. "चला, पाइपला धरा," ते टाळी वाजवून म्हणाले, आणि अदितीनं पाइप धरला.

"सर, थांबा," मी म्हणाले.

सगळे वळले. "काय झालं, मॅडम?"

"ती चढणार नाही. अजून एक वर्ष."

"कोण म्हणतं?" ते हसतच म्हणाले.

खोलीत, नुसत्या बघायला आलेल्या धरून, सहा-सात आया होत्या. त्यातल्या दोघींना मीच सगळं सांगितलेलं, आणि त्यांनी बाकीच्यांना सांगितलेलं, हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं. 'डॉक्टर म्हणतात' असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. अदिती माझ्याकडे बघत होती. गुलाबी फितींतले तिचे पाय अनोळखी दिसत होते, कुणाचेही असावेत तसे.

"रचना मॅडम म्हणतात."

केयूर सरांनी आवाज मऊ केला, मुलींशी बोलताना करतात तसा. "मॅडम, त्यांनी गोव्यात काय काम केलंय, हे तर तुम्हीच मला सांगितलंत ना?"

"हो. मीच सांगितलं."

"मग?"

मग काय, ते मला माहीत नव्हतं. ती खरं बोलली असेल हेही मला माहीत नव्हतं, आजही नाही. एवढंच दिसत होतं की या खोलीत घोट्याला हात लावून बघणारं आता कुणी उरलेलं नाही. मी खाली बसले आणि फीत सोडायला लागले. गाठ आत खोचलेली, सापडेना. "आई, नको ना," अदिती म्हणाली, मग इंग्रजीत म्हणाली, मग नुसतं नाक ओढलं. मागे एका आईनं आपल्या मुलीला हलकेच विचारलं, "तुझं दुखतंय का कुठं?" आणि ती "नाही गं" म्हणाली. एक बूट निघाला. दुसरा निघाला. तिचा पाय गरम होता, बोटांवर शिवणीचे वळ उठलेले. मी टाच तळहातात घेतली. जड होती, आणि मला त्यातून काहीही कळलं नाही.

"रचना मॅडमनी तुला सांगितलं?" अदितीनं विचारलं. रडणं थांबवून, कान टवकारून.

"हो."

"कधी? त्या भेटल्या तुला? मग त्या येत का नाहीत?"

केयूर सरांनी बाकीच्या तिघींना मोजायला सुरुवात केली होती. एक, दोन, तीन. माझ्याकडे 'असेल काही काम' हे उत्तर तयार होतं.

"मी तक्रार केली," मी म्हणाले. "म्हणून त्यांना काढलं."

अदितीनं माझ्या हातातून पाय काढून घेतला.